सॉफ्टवेअर सहाव्या टप्प्यावर: स्विच, यूपीएस, प्रिंटर आणि सर्व्हर एकाच देखरेखीखाली आणण्याचा क्रम

शनिवारी झॅबिक्स, म्हणजे नेटवर्कवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर, इन्स्टॉल होतं. त्याला अख्खा सबनेट (नेटवर्कमधल्या पत्त्यांचा गट) देऊन 'शोध रे बाबा' म्हटलं जातं. सोमवारी पडद्यावर दीडशे उपकरणं आणि चारशे अलर्ट. गुरुवारी कोणीतरी मेलमध्ये फिल्टर लावून सगळे अलर्ट एका फोल्डरमध्ये ढकलतो आणि महिन्याभराने कोअर स्विच (बाकी सगळे ज्याला जोडलेले असतात तो मुख्य स्विच) बंद पडल्याची बातमी प्राचार्यांच्या फोनवरून कळते. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता कोणी 'कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?' असं विचारलं, तर मी आधी उपकरणांची यादी मागतो. यादी नसतेच.

पुढचा क्रम समजा तीन इमारतींच्या एका कॉलेजासाठी आहे: २२ स्विच, ३ यूपीएस, ९ प्रिंटर, ४ लिनक्स सर्व्हर, २ एनव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारी उपकरणं). एकूण ४० उपकरणं, वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वर्षी घेतलेली. यातल्या बहुतेकांना समजणारी एकच सामाईक भाषा म्हणजे एसएनएमपी. सर्व्हरने प्रश्न विचारायचा आणि उपकरणातल्या एजंटने (त्यासाठीच्या छोट्या प्रोग्रॅमने) उत्तर द्यायचं. उदाहरणं झॅबिक्सची आहेत, पण लिब्रेएनएमएस हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तरी क्रम हाच.

## टप्पा १: पायी फिरून यादी

नेटवर्क स्कॅन करून यादी बनवू नका. स्कॅनला आयपी दिसतो, पण तो स्विच जिन्याखालच्या कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे, हे दिसत नाही. वही घ्या आणि फिरा. प्रत्येक उपकरणासाठी एवढं लिहा:

- नाव, आयपी, मॉडेल, फर्मवेअर
- इमारत, मजला, रॅक
- अपलिंक (मुख्य स्विचच्या दिशेने जाणारी जोडणी) कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टला जाते
- वीज कुठल्या यूपीएसवरून येते
- बंद पडलं तर कोण येणार

अपलिंक आणि यूपीएस या दोन रकान्यांवर सातवा टप्पा उभा आहे. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर त्या उपकरणाचा अलर्ट लावायचाच नाही. आलेख काढा, नोंद ठेवा, पण ज्याच्यासाठी कोणी उठणार नाही त्याने कोणाला उठवू नये.

फिरता फिरता आणखी एक काम उरका. स्विचच्या प्रत्येक महत्त्वाच्या पोर्टचं वर्णन स्विचच्याच कॉन्फिगरेशनमध्ये टाका: 'ग्रंथालय अपलिंक', 'एनव्हीआर १'. पोर्टचा अंतर्गत क्रमांक काही स्विचवर रीबूटनंतर किंवा नवं मॉड्यूल बसवल्यावर बदलतो. देखरेख त्या क्रमांकावर बांधलेली असेल तर एका रात्रीत ग्रंथालयाचा आलेख कॅन्टीनच्या नावावर चढतो. नाव आणि वर्णनावर बांधली असेल तर काही बिघडत नाही.

इशारा: प्रिंटर आणि एनव्हीआर बहुतेक वेळा डीएचसीपीवर असतात, म्हणजे त्यांना आयपी आपोआप मिळतो आणि तो बदलू शकतो. त्यांचे आयपी रिझर्व्ह केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासणी: यादीतली कुठलीही पाच नावं सहकाऱ्याला द्या. फोन न करता तो पाचही उपकरणांपर्यंत पोहोचला तर यादी झाली.

## टप्पा २: प्रश्नांना रस्ता, आणि घड्याळं

उपकरणांचे व्यवस्थापनाचे आयपी विद्यार्थ्यांच्या वाय-फायपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) हवेत. यूडीपी १६१ वर प्रश्न फक्त देखरेखीच्या सर्व्हरकडून उपकरणांकडे जावेत, आणि यूडीपी १६२ वर उपकरणांचे ट्रॅप (न विचारता पाठवलेल्या सूचना) फक्त त्या सर्व्हरकडे यावेत. बाकी सगळं बंद. हा नियम फायरवॉलवर तर लावाच, पण शक्य तिथे उपकरणावरही लावा. १६१ पोर्ट इंटरनेटकडे उघडा राहिला आणि कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा परवलीचा शब्द) 'पब्लिक' असली, तर माहिती बाहेर जातेच, शिवाय तुमचा स्विच दुसऱ्या कोणावर तरी ट्रॅफिकचा मारा करण्यासाठी वापरला जाऊ शकतो. छोट्या प्रश्नाला मोठं उत्तर मिळतं, ही सोय हल्लेखोरालाही आवडते.

घड्याळं याच टप्प्यात जुळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळलेली हवीत आणि लॉग १८० दिवस जपायला हवेत. चाळीस उपकरणांना थेट बाहेर पाठवू नका. आतला एक सर्व्हर बाहेरच्या वेळेशी जुळवा आणि बाकी सगळ्यांना त्याच्याकडे वळवा. स्विचचा लॉग १९७० साल दाखवत असेल, तर बिघाड आधी कुठे सुरू झाला हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

तपासणी: विद्यार्थ्यांच्या नेटवर्कवरच्या लॅपटॉपवरून एखाद्या स्विचला एसएनएमपी प्रश्न विचारून पाहा. उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: आवृत्ती तीन, आणि तिथे होणारे घोळ

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सविस्तर.

एसएनएमपीच्या आवृत्ती १ आणि २सी मध्ये ओळख म्हणजे एक शब्द, कम्युनिटी स्ट्रिंग, आणि तोही नेटवर्कवरून उघडा जातो. आवृत्ती ३ मध्ये यूजर, ऑथेंटिकेशनचा (ओळख पटवण्याचा) पासवर्ड आणि प्रायव्हसीचा (मजकूर कूटबद्ध करण्याचा) पासवर्ड असतो. तिन्ही वापरा. नुसतं ऑथेंटिकेशन ठेवून प्रायव्हसी सोडली तर यूजर खरा आहे हे कळतं, पण उत्तरं सगळ्यांना वाचता येतात.

यूजरला फक्त वाचायची परवानगी द्या. लिहायची परवानगी असलेल्या यूजरला स्विचचा पोर्ट बंद करता येतो, आणि ४० उपकरणांवर तोच पासवर्ड असेल तर एक चूक अख्ख्या कॉलेजला पुरते.

आता नेहमीच्या चुका.

पासवर्ड आखूड. किमान ८ अक्षरं लागतात. काही स्विच सात अक्षरं निमूटपणे घेतात आणि नंतर उत्तर देत नाहीत.

एईएस-२५६ चा मोह. आवृत्ती ३ मध्ये प्रमाणित आहे ते एईएस-१२८. २५६ ची अंमलबजावणी कंपन्यांनी दोन निरनिराळ्या पद्धतींनी केली आहे, त्यामुळे पासवर्ड अगदी बरोबर असूनही दोन बाजू जुळत नाहीत. नवी-जुनी उपकरणं एकत्र असतील तर एसएचए (ओळख पटवायला) आणि एईएस-१२८ (कूटबद्ध करायला) ही सगळीकडे चालणारी जोडी.

एकाच इंजिन आयडीची दोन उपकरणं. आवृत्ती ३ मध्ये प्रत्येक एजंटला स्वतःचा इंजिन आयडी असतो. एका व्हर्च्युअल मशीनची प्रत काढून दुसरा सर्व्हर बनवला, किंवा एका स्विचचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं दुसऱ्यावर टाकलं, की आयडीचीही प्रत होते. मग दोन्ही उपकरणं आलटून पालटून 'बंद-चालू' दिसतात. पिंग छान असतो. मी एकदा यावर दोन दिवस केबल बदलत बसलो होतो. केबल निर्दोष होत्या.

'टाइम विंडो'ची चूक दिसली की घड्याळाच्या मागे लागणं. आवृत्ती ३ ची १५० सेकंदांची मर्यादा भिंतीवरच्या घड्याळाशी संबंधित नाही. एजंटचं इंजिन शेवटचं सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले आणि ते आजवर किती वेळा सुरू झालं, यावरून ती ठरते. म्हणून एनटीपी, म्हणजे घड्याळं जुळवणारी यंत्रणा, नीट असूनही ही चूक दिसू शकते, आणि दिसली तर आधी वरचा इंजिन आयडी तपासा.

लिनक्सवर नाव येतं, डिस्क येत नाही. डेबियन आणि उबंटूवरचा एजंट इन्स्टॉल झाल्यावर फक्त स्वतःच्याच मशीनवर ऐकतो, आणि बाहेर उघडलात तरी माहितीचा छोटा तुकडाच दाखवतो. ऐकण्याचा पत्ता आणि दाखवण्याची कक्षा, दोन्ही बदलावं लागतं. आवृत्ती ३ चा यूजर हाताने फाइलमध्ये लिहिणार असाल तर आधी सेवा थांबवा. चालू सेवेच्या कायमस्वरूपी फाइलमध्ये लिहिलेलं, ती थांबताना पुसलं जातं.

आणि ज्या उपकरणाला आवृत्ती ३ येतच नाही? जुना प्रिंटर असतोच एखादा. त्याला २सी वर ठेवा, कम्युनिटी स्ट्रिंग वेगळी आणि लांब द्या, आणि यादीत तांबड्या शाईने खूण करा. विंडोज सर्व्हर असतील तर त्यांच्या अंगभूत एसएनएमपी सेवेच्या नादी लागू नका. तिला आवृत्ती ३ येत नाही. तिथे झॅबिक्सचा स्वतःचा एजंट बसवा.

## टप्पा ४: हाताने एक उत्तर

देखरेखीच्या सर्व्हरच्या कमांड लाइनवरून प्रत्येक उपकरणाला आधी हाताने विचारा. एसएनएमपीवॉक त्यासाठीच आहे. तीन प्रश्न पुरेत, कंसातले आकडे म्हणजे एसएनएमपीतला त्या माहितीचा पत्ता: तुझं नाव काय (१.३.६.१.२.१.१.५), किती वेळ चालू आहेस (१.३.६.१.२.१.१.३), तुझे पोर्ट कुठले (१.३.६.१.२.१.२.२).

उत्तर न येण्याचे प्रकार ओळखायला शिका. आवृत्ती ३ मध्ये यूजर चुकला किंवा ऑथेंटिकेशनचा पासवर्ड चुकला तर बहुधा तसा स्पष्ट संदेश येतो. प्रायव्हसीचा पासवर्ड चुकला की अनेकदा नुसता टाइमआउट मिळतो. २सी मध्ये चुकीच्या कम्युनिटीला काहीच उत्तर नसतं, त्यामुळे तो टाइमआउट आणि फायरवॉलचा टाइमआउट सारखेच दिसतात. पहिले दोन प्रश्न चालले आणि पोर्टची लांब यादी मधेच अडकली, तर वाटेत मोठे तुकडे झालेले पॅकेट कोणीतरी टाकून देतंय. एका वेळी कमी ओळी मागा.

तपासणी: ४० पैकी ४० उत्तरं (एनव्हीआरला एसएनएमपी नसेल तर तेवढे सोडून). 'ते दोन नंतर बघू' म्हटलेली दोन उपकरणं तशीच राहतात, आणि बंदही नेमकी तीच पडतात.

## टप्पा ५: काय विचारायचं ते ठरवा

झॅबिक्सचे तयार टेम्प्लेट (प्रश्नांचे संच) शंभर गोष्टी विचारतात. त्यातल्या किती तुम्हाला हव्यात, हे कागदावर ठरवा.

स्विच. अपलिंकची अवस्था, त्यावरचं ट्रॅफिक, चुका, तापमान. विद्यार्थ्यांच्या टेबलावरच्या पोर्टचा अलर्ट नको. लॅपटॉप काढला की पोर्ट बंद होतोच, तो बिघाड नव्हे.

ट्रॅफिक मोजताना ६४ बिटांचे काउंटर (गेलेले बाइट मोजत राहणारे आकडे) घ्या. ३२ बिटांचा काउंटर भरलेल्या १ गिगाबिट लिंकवर सुमारे ३४ सेकंदांत पूर्ण फिरून शून्यावर येतो, १०० मेगाबिटवर पावणेसहा मिनिटांत. दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला मधल्या फेऱ्या कळत नाहीत आणि आलेख चेहरा पाडून ४० मेगाबिट दाखवत राहतो. लिंक भरलेली आहे, तक्रारी येतायत, आणि आलेख म्हणतो सगळं आलबेल. आवृत्ती १ मध्ये ६४ बिटांचे काउंटर नाहीतच.

यूपीएस. एसएनएमपी कार्ड बऱ्याचदा वेगळं विकत घ्यावं लागतं, यूपीएस मागवतानाच सांगा. प्रमाणित शाखा १.३.६.१.२.१.३३. त्यातल्या चार गोष्टी पुरेत: वीज कुठून येतेय (१.४.१, उत्तर ३ म्हणजे नेहमीची, ५ म्हणजे बॅटरी), बॅटरीची अवस्था (१.२.१, २ म्हणजे ठीक, ३ म्हणजे उतरत आलेली), उरलेली मिनिटं (१.२.३) आणि उरलेला चार्ज (१.२.४). उरलेली मिनिटं हा यूपीएसचा अंदाज असतो. तीन-चार वर्षं जुन्या बॅटरीचा २५ मिनिटांचा अंदाज प्रत्यक्षात सहा मिनिटांवर आलेला मी पाहिलाय. सुट्टीच्या दिवशी खरा भार ठेवून घड्याळ लावून मोजा, आणि अलर्टची मर्यादा त्या आकड्यावरून ठरवा.

प्रिंटर. टोनरची पातळी १.३.६.१.२.१.४३.११.१.१.९ इथे मिळते. इथेच गंमत आहे: अनेक प्रिंटर टक्के सांगतच नाहीत. ते −३ पाठवतात, म्हणजे 'थोडा आहे, किती ते माहीत नाही', किंवा −२, म्हणजे 'माहीतच नाही'. '१० पेक्षा कमी तर अलर्ट' असा नियम लावलात की भरलेल्या टोनरचा प्रिंटरही रोज ओरडतो. उणे आकडे नियमातून वगळा, आणि उरलेल्यांना त्याच तक्त्यातल्या कमाल क्षमतेने भागून टक्के काढा.

लिनक्स सर्व्हर. 'मोकळी मेमरी' कमी दिसली म्हणून घाबरू नका, लिनक्स रिकामी मेमरी कॅशसाठी वापरतोच. 'उपलब्ध मेमरी' बघा. चौथ्या टप्प्यातला 'किती वेळ चालू' हा प्रश्न लिनक्सवर एजंट कधीपासून चालू आहे ते सांगतो, मशीन नव्हे. मशीनसाठी १.३.६.१.२.१.२५.१.१ विचारा. हे दोन्ही आकडे सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतात, म्हणून 'सर्व्हर रीबूट झाला' असा अलर्ट आला तरी दीड वर्ष न हललेला सर्व्हर निर्दोष असू शकतो. अर्थात, दीड वर्ष अपडेट न केलेल्या सर्व्हरला निर्दोष म्हणायचं का, तो वेगळा वाद.

एनव्हीआर. पिंग चालतो म्हणजे रेकॉर्डिंग चालू आहे असं नाही. एसएनएमपी नसेल तर किमान व्हिडिओचा ५५४ पोर्ट उघडतो का ते तपासा. डिस्क भरली किंवा बसली, हे मात्र त्यातून कळत नाही. आठवड्यातून एकदा माणसाने कालचं फुटेज उघडून बघायचं, हे काम वहीत ठेवा.

## टप्पा ६: आता इन्स्टॉल

आता सॉफ्टवेअर. हा भाग सोपा आहे आणि कंपनीचं मार्गदर्शनही चांगलं आहे, म्हणून फक्त तीन गोष्टी.

डिस्कचा हिशोब आधी करा. ४० उपकरणं, प्रत्येकी ५० गोष्टी, दर मिनिटाला एकदा, म्हणजे दिवसाला २८ लाख ८० हजार नोंदी. एका अंकी नोंदीला साधारण ९० बाइट धरले तर दिवसाला सुमारे २६० एमबी, ९० दिवसांचे २३ जीबी. तापमान दर मिनिटाला लागत नाही, टोनर तर तासाला एकदा पुरे.

पासवर्ड प्रत्येक उपकरणावर वेगळे टंकू नका. टेम्प्लेटच्या मॅक्रोत (एकदा लिहून सगळीकडे वापरायच्या नोंदीत) एकदा ठेवा आणि गुप्त प्रकार निवडा.

आपोआप शोध बंद ठेवा. यादी आहे ना? तीच भरा, दिवसाला दहा उपकरणं. अलर्ट अजून पाठवू नका. आठवडाभर नुसते आलेख बघा, म्हणजे नेहमीची स्थिती काय असते ते कळेल. परीक्षेच्या आठवड्यात सुरुवात केलीत तर तेच नेहमीचं वाटेल, एवढं टाळा.

## टप्पा ७: अवलंबन, मगच अलर्ट

पहिल्या टप्प्यातल्या यादीत अपलिंकचा रकाना होता. तो इथे वापरायचा. ग्रंथालयाचा स्विच कोअर स्विचवर अवलंबून, ग्रंथालयाचा प्रिंटर ग्रंथालयाच्या स्विचवर. झॅबिक्समध्ये ट्रिगरला (अलर्ट पेटवणाऱ्या नियमाला) अवलंबन लावता येतं. वरचा ट्रिगर पेटलेला असेल तर खालचे गप्प बसतात. ते लावलं नाही तर कोअर स्विच पडल्यावर एकाच कारणाचे ३९ मेसेज येतात.

इथली खोच वेळेची आहे. प्रिंटर आधी तपासला गेला आणि कोअर नंतर, तर प्रिंटरचा मेसेज आधीच सुटलेला असतो. कोअरला दर ३० सेकंदांनी विचारा आणि त्याला दीड मिनिटांत 'बंद' ठरवा. टोकाच्या उपकरणांना मात्र चार-पाच मिनिटं द्या.

वीज गेल्याचा अलर्ट लगेच नको. आपल्याकडे दहा-वीस सेकंदांची डुलकी रोजची. बॅटरीवर सलग ६० सेकंद गेले तर पहिला मेसेज, आणि सर्व्हर सावकाश बंद करायला जेवढा वेळ लागतो तेवढीच मिनिटं उरली की दुसरा.

मर्यादा दोन ठेवा, एक पेटायची आणि एक विझायची. डिस्क ९० टक्क्यांना पेटावी आणि ८५ च्या खाली गेल्यावर विझावी. दोन्हीकडे ९० ठेवलं तर रात्रभर पेट-विझ, पेट-विझ.

ट्रॅप हे जोडीला ठेवा, आधाराला नको. यूडीपीवरचा ट्रॅप वाटेत हरवला तर पाठवणाऱ्याला कळतही नाही. पाया म्हणजे तुमचे नियमित प्रश्नच.

इशारा: मेसेज कुठल्या रस्त्याने बाहेर पडतो ते बघा. देखरेखीचा सर्व्हर कोअर स्विचला जोडलेला आणि मेल त्याच स्विचमधून जाणार, तर कोअर पडल्याची बातमी कोअरच अडवतो. सर्व्हरला सिमकार्डवाला छोटा मोडेम लावा. एसएमएस गेटवेची सेवा घेणार असाल तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएससाठीच्या नोंदणी व्यवस्थेवर) मेसेजच्या टेम्प्लेटची नोंदणी लागते, ती आधी करून ठेवा, आणि गेटवेलाही इंटरनेट लागतं हे विसरू नका.

## टप्पा ८: मोडून पाहा

रविवारी सकाळी, दोघांनी मिळून, सगळ्यांना आधी कळवून. प्रत्येक चाचणीआधी कागदावर लिहा: किती मेसेज यायला हवेत आणि किती मिनिटांत.

1. ग्रंथालयाच्या स्विचची अपलिंक काढा. एकच मेसेज यायला हवा. त्यामागून प्रिंटरचाही आला तर अवलंबन किंवा वेळा चुकल्यात.
2. कोअर स्विचची वीज काढा. तरीही मेसेज फोनवर पोहोचायला हवा.
3. यूपीएसचा मेन स्विच ३० सेकंद बंद करा. काहीच यायला नको. मग दोन मिनिटं बंद करा, एक यायला हवा.
4. एका स्विचला रीबूट करा आणि पोर्टचे आलेख योग्य नावावर परत येतात का ते बघा.
5. देखरेखीचा सर्व्हरच बंद करा. ही चाचणी जवळजवळ सगळे विसरतात. त्याच्यावर लक्ष ठेवायला नेटवर्कबाहेरचं काहीतरी लागतं: तो दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला हजेरी देईल, आणि हजेरी चुकली की ती सेवा तुम्हाला कळवेल.

जे चुकलं ते दुरुस्त करून फक्त तीच चाचणी पुन्हा घेऊ नका, पाचही घ्या. अवलंबनातला एक बाण बदलला की दुसरीकडचा मेसेज गप्प होऊ शकतो. पाचही कागदाबरहुकूम उतरल्यावर आलेले मेसेज, त्यांच्या वेळा आणि तो कागद यादीच्या वहीत चिकटवा. नवा स्विच आला की आधी या वहीत त्याची ओळ, मग झॅबिक्समध्ये.